डावखुऱ्या हाताने, मित्रांसोबत गेम बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघं मिळून छोटे गेम बनवतो. दोघं पुण्यात, एक सांगलीत, एक नोकरीसाठी बंगळुरूला. गेमचं काम बुधवारी रात्री जेवणं आटोपल्यावर आणि रविवारी सकाळी. चौघांत डावखुरी मी एकटीच. लोक मला दोन तऱ्हेचे प्रश्न विचारतात: गेम कसे बनवता, आणि डाव्या हाताने सगळं कसं जमतं. उत्तरं वेगवेगळी लिहायला बसले होते, पण एकातून दुसऱ्यात शिरावंच लागत होतं. म्हणून इथे ती एकत्र आहेत.

तुम्ही नेमके कसले गेम बनवता?

अर्ध्या तासात संपणारे. आतापर्यंत तीन पुरे झाले: एक सागरगोट्यांचा, एक एसटीच्या थांब्यावर वाट बघण्याचा आणि एक पंगतीचा. अर्धवट सुटलेले नऊ.

पंगतीच्या खेळात तुम्ही वाढपी असता. पानं मांडून लोक बसलेत, तुमच्या हातात आमटीचं भांडं आणि डाव, आणि ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या पानावरचा भात संपलेला. कोण ‘पुरे’ म्हणतंय आणि त्याला खरंच पुरे झालंय, कोण पानावर नुसता हात आडवा धरतंय पण त्याला अजून थोडं हवंय, हे ओळखायचं. एवढाच खेळ. त्यावर चौदा महिने गेले. नाव ठेवलं ‘डाव’. मराठीत डाव म्हणजे खेळी, डाव म्हणजे वाढायचा डाव, आणि डावा म्हणजे माझा हात.

ही कल्पना सुचली कुठून?

जेवताना. आपल्याकडे उजवा हात खरकटा असतो, म्हणून स्वतःला वाढून घेताना उजव्या हाताची सगळी माणसं डाव्या हाताने डाव धरतात. हात थोडा थरथरतो, आमटी वाटीच्या काठावरून ओघळते, ताटाखाली डाग पडतो. मी लिहिते डाव्या हाताने, पण जेवते उजव्याने, कारण लहानपणी तेवढं पक्कं करून घेतलं होतं. त्यामुळे वाढून घ्यायच्या वेळी माझा चांगला हात मोकळा असतो. घरातल्या वीस माणसांच्या पंगतीत ज्याची आमटी सांडत नाही अशी मी एकटीच, हे मला साधारण दहाव्या वर्षी लक्षात आलं. फार आनंद झाला होता. तो आनंद गेममध्ये आणता येईल का, हा पहिला प्रश्न होता.

डावखुरं असण्याचा आणि गेमचा एवढा काय संबंध?

कॉम्प्युटरवरचे बहुतेक गेम असं धरून चालतात की डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणं डाव्या हाताखाली आहेत आणि माऊस उजव्या हातात. चालायचं डाव्याने, नेम धरायचा उजव्याने. नेम धरणं हे बारीक काम, आणि तेच माझ्या कच्च्या हाताकडे जातं. बरं, माऊस डावीकडे घ्यावा तर उजव्या हाताला कीबोर्डच्या डाव्या टोकापर्यंत जावं लागतं. हात एकमेकांवर चढतात, खांदा आखडतो. यावर उपाय सोपा आहे: चालण्याची बटणं उजवीकडे आणायची, बाणांच्या बटणांवर किंवा आय, जे, के, एल वर. पण गेममध्ये बटणं बदलायची सोयच नसेल तर काय करणार?

कॉलेजात असताना मी असे कितीतरी गेम पहिल्या दहा मिनिटांत बंद केले. मित्र रात्र रात्र खेळायचे, मी शेजारी बसून बघायची. आपल्याला गेम जमत नाहीत, अशी माझी समजूत झाली होती आणि ती बरीच वर्षं टिकली. मग एका गेममध्ये बटणं बदलायची यादी सापडली. ती बदलली आणि त्या रात्री मी पहाटे चारपर्यंत खेळले. जमत नव्हतं असं काही नव्हतंच, बटणं चुकीच्या जागी होती. त्या रात्रीनंतर मी गेम बनवायच्या विचारात पडले.

फोनवर तर आणखी एक गोष्ट होते, ती उजव्या हाताच्या माणसाच्या लक्षात येणं अवघड आहे. मी बोटाने काही ओढते तेव्हा माझा तळवा पडद्याचा डावा खालचा भाग झाकतो. बनवणाऱ्याने सूचना नेमकी तिथे लिहिलेली असते, कारण त्याच्या स्वतःच्या हाताखाली उजवा कोपरा झाकला जातो आणि डावा मोकळा दिसतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. त्याच्या हातातून दिसतं ते त्याने मांडलेलं असतं.

मोठ्या कंपन्यांनी याचा कधी विचार केलाय का?

एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. निन्टेन्डोच्या ‘झेल्डा’ या गेममालिकेचा नायक लिंक बरीच वर्षं डावखुरा होता. तिचे एक जनक शिगेरू मियामोतो हेही डावखुरे. २००६ साली या मालिकेतला ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ वी या यंत्रासाठी आला. वीचा रिमोट हातात धरून तलवारीसारखा फिरवायचा, आणि बहुतेक लोक तो उजव्या हातात धरणार हे उघड होतं. खेळणाऱ्याचा उजवा हात फिरतोय आणि पडद्यावर तलवार डाव्या हातात, हे विचित्र दिसलं असतं. म्हणून त्यांनी अख्खं जगच आरशात धरल्यासारखं उलटवलं. गेमक्यूब या आधीच्या यंत्रावर जी जागा पूर्वेला, ती वीवर पश्चिमेला. पुढे २०११ च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मध्ये लिंक उजव्या हाताचाच झाला.

लिंक डावखुरा आहे हे मला फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा तो बदललेलाही होता. त्याची हळहळ अजून वाटते. पण जग उलटवण्याच्या त्या युक्तीतून आम्ही जे शिकलो, ते पुढच्या उत्तरात.

तुमच्या गेममध्ये डावखुऱ्यांसाठी सोय कशी केली?

आधी चूक केली. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पूर्ण दृश्य आडवं उलटवणं. कोडच्या एका ओळीत होतं. केलं. अक्षरंही उलटी झाली, ती पुन्हा सुलटी केली आणि काम झालं असं समजलो. मग माझ्या मावशीला खेळायला दिलं. तिने पहिलं पान पाहिलं आणि फोन खाली ठेवला. ‘अगं, चटणी-कोशिंबीर उजवीकडे? हे पान कुणी वाढलंय?’

तिचं बरोबर होतं. पानात डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर, लिंबाची फोड, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात. जेवणारा कुठल्या हाताचा आहे यावर ते ठरत नाही. माझ्यासमोरही पान असंच येतं आणि तसंच यायला हवं. बदलायला हवी होती ती वाढप्याची बाजू: भांडं कुठल्या हातात, डाव कुठून येतो, पुढे सरकायचं बटण कुठे. म्हणजे हाताचं जे आहे ते उलटायचं आणि जगाचं जे आहे ते तसंच ठेवायचं. हे कागदावर दोन रकान्यांत मांडलं तेव्हा कळलं की उलटवायच्या गोष्टी जेमतेम सात आहेत. त्या सात नीट करायला तीन आठवडे लागले. डाव डावीकडून आला की आमटीची धार वेगळ्या कोनातून पडते, आणि सावलीसुद्धा.

आम्ही गेम बनवतोय. नेमकं काय करायचं ते सांगा.

कोडमध्ये कधीही ‘स्पेस दाबली का’ असं विचारू नका; ‘वाढ ही क्रिया झाली का’ असं विचारा. आम्ही वापरतो त्या गोडो या इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये इनपुट मॅप असतो, तिथे क्रियेला नाव द्यायचं आणि तिला हवी तेवढी बटणं जोडायची. बाकीच्या इंजिनांतही याच्यासारखं काहीतरी असतं. हे पहिल्या दिवशी केलं तर अर्धा तास जातो. सागरगोट्यांच्या गेममध्ये आम्ही ते शेवटी केलं आणि दोन आठवडे गेले, कारण ‘स्पेस’ एकेचाळीस ठिकाणी लिहिलेली होती.

मग बटणं बदलायचा पडदा द्या, आणि तो मुख्य यादीतच ठेवा. गेम सुरू होण्याआधी तिथे पोचता आलं पाहिजे. फोनवर असाल तर पहिल्यांदा उघडताना दोन तळहातांची चित्रं दाखवा, खेळणारा आपला हात निवडेल. सूचना पडद्याच्या वरच्या भागात ठेवा. तिथे कुणाचाच तळवा येत नाही. माऊसचं डावं-उजवं बटण अदलाबदल करायची सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असते, तिच्याशी भांडेल असं काही करू नका.

आणि ‘डावखुरा’ म्हटलं की सगळंच उलटं, असं धरू नका. मी लिहिते, दात घासते, डाव धरते डाव्याने. जेवते आणि कात्री चालवते उजव्याने. माझ्या ओळखीचे कित्येक डावखुरे माऊस उजव्या हातात धरतात, कारण शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत तो उजवीकडेच होता आणि वायर पलीकडे पोचत नव्हती. म्हणून विचारावं. अंदाज बांधू नये.

दहात एकासाठी एवढा खटाटोप कशाला?

जगात साधारण दहात एक माणूस डावखुरा असतो, हे खरं. आमच्या गेमची सोय पहिल्यांदा कामाला आली ती मात्र उजव्या हाताच्या माणसाला. आमच्यातला कोड लिहिणारा पावसात स्कूटरवरून घसरला आणि उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. सहा आठवडे त्याने डाव्या हाताची मांडणी वापरून गेम तपासला, आणि त्या सहा आठवड्यांत त्याने जितक्या चुका पकडल्या तितक्या आधीच्या सहा महिन्यांत पकडल्या नव्हत्या. बाळाला कडेवर घेऊन खेळणारी आई, बसच्या दांड्याला एका हाताने लोंबकळणारा मुलगा, हात दुखणारे आजोबा, सगळ्यांना तीच मांडणी लागते.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि डाव्या हाताने लिहिते. सासूबाई म्हणतात, आत्ताच सवय मोड. काय करू?

मोडू नका. मी हे अगदी मनापासून सांगते आहे.

कुठला हात पुढे येणार याचा कल जन्माआधीच दिसायला लागतो. पोटातली बाळं अंगठा चोखतानाही एका हाताला झुकतं माप देतात. त्यामागे एखादं एकटं जनुक नाही, बरीच आहेत, आणि बहुतेक डावखुऱ्या मुलांचे आईवडील दोघंही उजव्या हाताचे असतात. म्हणजे यात कुणाचं काही चुकलेलं नाही आणि ही ‘सवय’ही नाही.

मी पहिलीत असताना आमच्या बाई माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांना वाटायचं पुढे मुलीचं अडेल. मी वर्गात बोलायची बंद झाले. आजोबांच्या ते लक्षात आलं. ते शाळेत गेले, बाईंशी पाच मिनिटं बोलले, आणि घरी येऊन माझ्यासमोर पाटी ठेवली. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं.

सासूबाईंना दुखवायचं नसेल तर प्रसाद, हळदीकुंकू, जेवण यासाठी उजवा हात शिकवा, त्यात बाळाचं काही बिघडत नाही. लिहिणं, चित्र काढणं, कापणं मात्र तिच्या हातावर सोडा.

डाव्या हाताने देवनागरी लिहिताना हात बरबटतो. काही उपाय?

आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून डावा हात नुकत्याच लिहिलेल्या शाईवरून सरकतो. करंगळीखालचा तळव्याचा कड निळा झालेला, आणि वहीत शब्दांवर धुरासारखा पट्टा. माझ्या दहावीच्या सगळ्या वह्या अशाच आहेत.

वही शरीराच्या मध्यरेषेपेक्षा थोडी डावीकडे घ्या आणि तिचा वरचा भाग उजवीकडे झुकवा. मनगट ओळीच्या खाली राहू द्या; वरून हात वळवून लिहायची सवय लागली की मान आणि मनगट दोन्ही दुखतात. पेन टोकापासून जरा लांब धरा, म्हणजे लिहिलेलं दिसतं. जेल पेनापेक्षा पटकन वाळणारं बॉलपेन बरं. शाईच्या पेनाची निब डाव्या हाताने ढकलली जाते आणि कागदात रुतते, त्याचा हट्ट धरू नका.

शिरोरेषेबद्दल कुणी फारसं बोलत नाही. शब्द लिहून झाल्यावर वरची रेघ डावीकडून उजवीकडे ओढायला शिकवतात. डाव्या हाताला ती ढकलावी लागते आणि वाकडी होते. मी ती उजवीकडून डावीकडे ओढते. रेघ सरळ येते, आणि कागदावर उमटल्यानंतर ती कुठून आली हे कुणाला सांगता येत नाही.

बाकावर दोघं बसत असतील तर डावखुऱ्या मुलाला डावीकडे बसवा, कोपरं भिडत नाहीत. ज्या खुर्चीला उजवीकडेच लिहायची फळी असते, तिथे मात्र परीक्षेच्या आधी सांगून वेगळं टेबल मागून घ्या. संकोच करू नका, मी केला होता आणि तीन तास कंबर पिळून लिहिलं होतं.

स्वयंपाकघरात काय अडतं?

एका बाजूने धार लावलेली प्रत्येक गोष्ट. सोलाणं, काही सुऱ्या, चोचीची पळी (चोच डावीकडे, म्हणजे मला मनगट उलटं फिरवावं लागतं). कात्री तर चांगली मोठी गोष्ट आहे: उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं पाती एकमेकांवर दाबतात, डाव्या हातात तीच पाती फाकतात आणि कापड मध्ये दुमडतं. शिवाय वरचं पातं कापायची रेघ झाकतं. म्हणून मी नाइलाजाने कात्री उजव्या हाताने शिकले. आता डावखुऱ्यांसाठीच्या कात्र्या ऑनलाइन मिळतात. मुलांना पहिल्यापासून तीच द्या.

विळीवर मात्र काही अडत नाही. पातं जागेवर स्थिर, आणि दोन्ही हात भाजीवर. खवणीचंही तसंच. डावखुऱ्यांचा विचार करून ती बनवली असतील असं नाही, पण पातं हलवण्याऐवजी वस्तू हलवायची म्हटलं की हाताचा प्रश्नच मिटतो. गेमचे कंट्रोल आखताना मी विळी पुष्कळदा आठवते.

देवघरात, दुकानात लोक टोकतात का?

टोकतात. बोहनीच्या वेळी डाव्या हाताने नोट पुढे केली तर काही दुकानदार हात मागे घेतात. मी उजव्या हाताने देते, वाद घालत नाही. सकाळी सातला दुकान उघडणाऱ्या माणसाची ती श्रद्धा आहे. पण लहान मुलाच्या हातावर चापट मारून प्रसादाचा हात बदलायला लावतात, तिथे मी मध्ये पडते.

डावखुरी माणसं जास्त कल्पक असतात ना? उजवा मेंदू वगैरे?

नाही. भाषेचं काम बहुतेक डावखुऱ्यांच्याही मेंदूच्या डाव्या अर्ध्यातच चालतं. साधारण दहातल्या सातांचं. आमच्या गटातली सगळ्यात कल्पक व्यक्ती चित्रं काढते आणि ती उजव्या हाताची आहे.

मराठी मुलखातले नावाजलेले डावखुरे?

क्रिकेटमध्ये पुष्कळ. नाशिकचे बापू नाडकर्णी, ज्यांनी १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटकं निर्धाव टाकली. अजित वाडेकर, ज्यांच्या नेतृत्वाखाली १९७१ साली भारताने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकल्या. आणि सचिन तेंडुलकर, ज्यांनी बॅट उजव्या हाताने धरली पण लिहितात, सह्या करतात डाव्या हाताने. तो मिश्रपणा मला सगळ्यात जवळचा वाटतो.

आम्हा मित्रांना गेम बनवायचाय, कुणालाच काही येत नाही. सुरुवात कुठून?

एका पडद्याच्या गेमपासून. पात्र एक, क्रिया एक, शेवट एक. गोष्ट, पातळ्या, दुकान, कपडे, काही नाही. तो पूर्ण करून पाच माणसांना खेळायला द्या. पहिल्या गेमचं काम एवढंच.

इंजिन म्हणून आम्ही गोडो वापरतो. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या अर्जेंटिनातल्या दोघांनी ते बनवलं आणि २०१४ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. फुकट, आणि तुमच्या गेमच्या कमाईवर कसलाही हक्क नाही. आधी आम्ही युनिटी या दुसऱ्या इंजिनात होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी गेम किती वेळा इन्स्टॉल झाला त्यावर शुल्क लावायचं जाहीर केलं. वर्षभराने तो निर्णय मागे घेतला, पण तोवर आम्ही निघालो होतो. चौघांच्या फावल्या वेळेचं भांडवल कुणाच्या एका घोषणेवर टांगून ठेवायचं नाही, असं त्या आठवड्यात ठरलं. युनिटीत काम येत असेल तर तेच वापरा, इंजिन बदलण्यात महिने जातात.

ज्यांना मर्यादा आवडतात त्यांनी पिको-८ हे छोटे गेम बनवायचं साधन बघावं: पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग १६. एवढ्यात भव्य काही करताच येत नाही, त्यामुळे गेम पुरा होतो.

मराठीत गेम करताना काही अडचण येते का?

अक्षरांची. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी नीट जुळायची नाही: ‘कि’मधली वेलांटी क च्या नंतर जाऊन बसायची, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची. आम्ही मराठी मजकूर चित्रं म्हणून चिकटवायचो आणि एक काना चुकला की नवं चित्र. २०२३ साली चौथी आवृत्ती आली आणि हे सुधारलं. आमच्या पडद्यावर पहिल्यांदा ‘ज्येष्ठांना आधी वाढा’ हे वाक्य धडपणे उमटलं, तो रविवार मला आठवतो. कुणी काही बोललं नाही, नुसते बघत बसलो.

फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ बघा, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरतो. ठिपक्याठिपक्यांचा बारीक देवनागरी फॉन्ट स्वतः बनवायचा विचार असेल तर उंचीचा हिशोब आधी करा. शिरोरेषा, तिच्यावर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, हे आठ ठिपक्यांत मावत नाही.

मित्रांसोबत काम करताना भांडणं होत नाहीत?

होतात. सगळ्यात मोठं भांडण साड्यांवरून झालं. चित्रं काढणारीला पंगतीतल्या बाराही बायकांची साडी वेगळी हवी होती, काठापदरासकट. कोड लिहिणाऱ्याचं म्हणणं, तीन पुरे, रंग बदलू. दोघं दहा दिवस फक्त कामापुरतं बोलत होते. शेवटी नियम केला: जो नवीन काही आणेल त्याने त्याच वजनाचं जुनं काय काढायचं तेही सांगायचं. तिने पावसाचं दृश्य सोडलं आणि बारा साड्या मिळवल्या. आज लोक साड्यांबद्दलच बोलतात.

दुसरी गोष्ट फायलींची. गिट (फायलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) वापराच, पण एकाच रात्री दोघांनी एकच सीन, म्हणजे गेममधल्या एका दृश्याची फाइल, उघडला तर गिटही वाचवत नाही. आमचं एक अख्खं रविवारचं काम तसं गेलं. आता जो सीन उघडतो तो ग्रुपवर लिहितो, ‘पंगत माझ्याकडे’. झालं की ‘पंगत सोडली’.

तिसरी, आणि ही मैत्रीसाठी: कुणी महिनाभर गायब झाला तर आधी गेमबद्दल विचारू नका. ‘जेवलास का’ विचारा. आमच्यातल्या एकाच्या घरी आजारपण होतं आणि आम्ही तीन आठवडे त्याला फक्त बगची यादी पाठवत होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

आणि पहिल्याच महिन्यात एक कागद करा. वाटा किती, नावं कशा क्रमाने, फायली कुणाकडे, कुणी सोडून गेलं तर त्याच्या चित्रांचं आणि सुरांचं काय. पैसे नसतानाच हे ठरवणं सोपं असतं. आमचा कागद वहीचं एक पान आहे, त्यावर चार सह्या, त्यातली एक जरा पुसट.

गेम जॅममध्ये भाग घ्यावा का?

जरूर. जॅम म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायचा उपक्रम. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर वर्षी जानेवारीच्या आसपास होतो, आणि इच (itch.io) या छोट्या गेमच्या वेबसाइटवर तर वर्षभर कुठला ना कुठला जॅम चालू असतो. झोप मात्र घ्या. आमचा सागरगोट्यांचा गेम जॅममध्येच जन्मला, झोपून उठल्यावर.

प्रकाशित कुठे करायचं? पैसे मिळतात का?

पहिला गेम इचवर ठेवा. खातं फुकट, आणि इचला कमाईतला किती वाटा द्यायचा हे तुम्हीच ठरवता. काही बदललं नाही तर दहा टक्के. ब्राउझरमध्ये चालणारा गेम असेल तर नातेवाइकांना नुसता दुवा पाठवला की झालं. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमला १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतले साधारण ३० टक्के जातात. गुगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर, पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे बारा जण आधीच जमवून ठेवा. आमचा एक महिना यातच गेला.

आम्हाला ‘डाव’मधून जे मिळालं त्यातून संगीतासाठी एक बरा मायक्रोफोन आला. त्यावर नोकरी सोडायचा विचार कुणी केलेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम २०२० साली जगभर आणला, म्हणजे इथे बसून मोठं काम होतं हे दिसलंय. पण ती माणसं दिवसभर तेच करत होती. आमचा हिशोब वेगळा आहे: रविवारी चार मित्र एकत्र असतात.

चाचणीला कुणाला बसवायचं?

गेम न खेळणाऱ्यांना. शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा, हे फार अवघड आहे. माझी मावशी डाव उचलायच्या आधी प्रत्येक वेळी बोट पदराला पुसायची. का, ते दुसऱ्या दिवशी समजलं: तिला वाटत होतं वाढण्याआधी हात कोरडा हवा. मग आम्ही गेमच्या सुरुवातीला हात धुण्याचं दृश्य घातलं. कुठल्याही प्रश्नावलीतून ते मिळालं नसतं.

पुढचा गेम कुठला?

चकल्यांचा. आमच्या घरी दिवाळीत सोऱ्यातून चकल्या पाडायचं काम माझ्याकडे असायचं, आणि माझ्या चकल्यांचे वेढे बाकीच्यांपेक्षा उलट्या दिशेने फिरायचे. परातीत कुठली चकली कुणाची हे लांबून ओळखू यायचं. आजी माझ्या तेवढ्या बाजूला काढून आजोबांच्या डब्यात भरायची. गेममध्ये बोटाने वेढे घालायचे आहेत. सुरुवातीला कुठला हात ते विचारणारा पडदा यावेळी नाही. तुमच्या पहिल्या वेढ्याची दिशा बघून भांडं, झारा आणि तेलाची कढई आपोआप योग्य बाजूला सरकतात. काल रात्री ते पहिल्यांदा नीट चाललं. बंगळुरूच्या मित्राने स्क्रीनवर उजवीकडून वेढा घातला, मी पुण्यातून डावीकडून, आणि परातीत दोन चकल्या शेजारी शेजारी पडल्या.